अर्धी दाढी

आमच्या दुकानात दोन खुर्च्या. खिडकीजवळची दादाची, आतली माझी. तीस वर्षं दादाने लोकांच्या दाढ्या केल्या आणि तितकीच वर्षं त्यांची फिरकीही घेतली. एकदा मी खुर्चीत डुलकी काढली, तर पठ्ठ्याने माझी अर्धी मिशी उडवली. मला कळलं ते दोन गिऱ्हाइकं हसून गेल्यावर. दादा मात्र वस्तऱ्याला धार लावत बसलेला, चेहऱ्यावर रेघ हलेल तर शपथ.

त्या सकाळी नऊ वाजता पोस्टमन त्याच्या खुर्चीत बसला. दादाने सगळ्या चेहऱ्याला फेस लावला, एक गाल साफ केला, वस्तरा पुसला आणि म्हणाला, "झालं." दुसरा गाल तसाच पांढरा. पोस्टमनने आरशात पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला. मी तर पोट धरून हसलो.

"हसायला काय झालं? दाढी झाली की," दादा म्हणाला.

काय अभिनय करतोय, असं मला वाटलं. उरलेला गाल मीच उरकला. मग दादाच्या डाव्या हातातून कंगवा पडला. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटला.

"पुरे आता दादा! नाटक कंपनीच काढ."

"मला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

तेव्हा माझ्या मनात चर्र झालं होतं. खोटं कशाला बोलू? पण मी घाबरलो आणि ती चेष्टा निघाली, तर महिनाभर तो मला जगू देणार नाही, एवढाच विचार मी केला. मी पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवलं.

दोन वाजता दादा बेसिनपाशी कोसळला. तोंड एका बाजूला ओघळलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे शेवटचे नीट कधी होते?"

"नऊच्या आधी."

त्यांचं पेन थांबलं. "मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीने तुटलाय. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ गेली." मग त्यांनी समजावलं, उजवा मेंदू डावी बाजू सांभाळतो. डावा हात लुळा पडलाच, पण डावीकडे काही आहे हेच त्याला जाणवत नाही. डोळे, कान ठीक आहेत, मेंदू तिकडे लक्षच देत नाही.

बाहेर वहिनी उभ्या होत्या. "भाऊजी, कधी झालं हो हे?"

"आत्ता. दोन वाजता."

"बरं झालं, तुम्ही जवळ होतात."

चार महिने त्या हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या आणि मी मान खाली घालून ऐकत होतो. दादा ताटातलं उजवीकडचं जेवायचा आणि "संपलं" म्हणायचा. मग वहिनी ताट फिरवायच्या. स्वतःचा डावा हात उचलून एकदा त्याने विचारलं, "हा कुणाचा?" मी हसलो नाही.

काल त्याला दुकानात आणून त्याच्याच खुर्चीत बसवलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. उजवा गाल झाला. डाव्या गालाला वस्तरा लावला आणि मी एका दमात सगळं बोललो. नऊ वाजलेले, पोस्टमन, माझं हसणं, वहिनींना मारलेली थाप, "मला माफ कर" सुद्धा.

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. आधी वाटलं, रागावला. मग मी कुठे उभा आहे ते माझ्या लक्षात आलं. चार महिने शब्द जुळवले आणि बोलायला नेमकी तीच बाजू निवडली, जिथून त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. चुकून निवडली, असं म्हणायची आता माझी छाती होत नाही.

वस्तरा खाली ठेवला. खुर्चीला वळसा घालून त्याच्या उजव्या हाताला आलो. मला पाहून दादाचा चेहरा उजळला.

"कुठे होतास रे इतका वेळ?"

"इथेच होतो," मी म्हणालो. "त्या दिवशीही इथेच होतो, दादा. नऊ वाजल्यापासून."