बदनाम ब्रशची कैफियत

मित्रांनो, मी दातांचा एक जुना ब्रश आहे, आणि माझ्यावर अन्याय झाला आहे.

कारखान्यात माझ्या डोक्यात बारीक, मऊ केस बसवले गेले. छावणीच्या बाजारातून आप्पासाहेबांनी मला निवडून आणलं. हृदयाची झडप बदलल्यापासून ते रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेत, म्हणून डॉक्टरांनी त्यांना मऊच ब्रश वापरायला सांगितला होता. रोज सकाळी ते मला धुऊन, झटकून पेल्यात उभं करत आणि पत्नीजवळ, द्वारकाबाईंजवळ, माझं कौतुक करत.

मग त्यांचे गुडघे दुखू लागले. कुणालाही न विचारता ते उस्मानपुऱ्यातल्या दुकानातून अंगदुखीची गोळी आणून घेऊ लागले. थोड्याच दिवसांत माझे पांढरे केस लाल झाले. हिरड्यांतून रक्त येत होतं. घरात ते सगळ्यांत आधी मला कळलं, पण मला कुठे वाचा! आप्पासाहेब आरशात बघत म्हणाले, "हा ब्रशच लई राठ हाय. हिरड्या सोलतोय माह्या."

झालं! मी राठ ठरलो. मला फण्या साफ करायला लावलं आणि पेल्यात नवा ब्रश आला. तोही लाल झाला, तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दंडावर काळेनिळे डाग उठले, तर म्हणे खाटेचा कोपरा लागला असेल.

एका दुपारी आप्पासाहेबांच्या नाकातून रक्त सुरू झालं, ते थांबेचना. घाईत द्वारकाबाईंनी फणीबरोबर मलाही पिशवीत कोंबलं. दवाखान्यात कळलं, दोन गोळ्या एकत्र झाल्यानं रक्तस्राव होत होता आणि रक्त भलतंच पातळ झालं होतं. डॉक्टर मोनिका यांनी रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन के दिलं, पण अगदी मोजून. औषध आहे तर हात आखडता कशाला, म्हणून मुलगा ऋतुराज चिडला. जास्त दिलं तर झडपेवर गुठळी धरेल आणि तीही जीव घेईल, असं त्यांनी समजावलं. द्वारकाबाई खाटेची कड धरून बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं. हिरड्यांतून आधी रक्त यायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं.

"यायचं की," आप्पासाहेब म्हणाले, "पण दोष त्या ब्रशचा व्हता. म्हणून फण्या साफ करायला टाकला. पिशवीत हाय बघा."

डॉक्टरांनी मला काढलं आणि केसांवरून अंगठा फिरवला. "काका, हा तर मऊ आहे. हा बिचारा सांगत होता आणि तुम्ही यालाच हाकललंत."

आप्पासाहेबांनी मान खाली घातली. तरी माझा राग गेला नाही. माझ्या अपमानाचं जाऊ द्या, पण एक माणूस हकनाक मरता मरता वाचला.

मित्रांनो, तुमच्या आजीआजोबांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी असेल, तर सकाळी त्यांच्या ब्रशकडे एकदा बघा. तो लाल दिसला, तर ब्रश बदलू नका. त्यांना लगेच डॉक्टरकडे न्या.