साध्या वेगातलं गाणं

दचकू नका, बोलतोय तो मीच, कोपऱ्यातला काळा स्पीकर. आजवर माझ्या तोंडून तुम्ही गाणी ऐकलीत, भाषणं ऐकलीत, 'हॅलो, माइक टेस्टिंग' तर हजार वेळा ऐकलंत. त्यातलं माझं स्वतःचं काही म्हणजे काही नव्हतं. दुसऱ्याने भरवायचं आणि मी बाहेर काढायचं, एवढाच माझा धंदा. आज मात्र माझं मी बोलणार आहे, कारण पोटात ठेवून ठेवून आता मला सहन होत नाही.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. प्लायवूडची पेटी, आत कागदाचा शंकू, मागे चुंबक आणि पुढे जाळी. जाळी बसवणारी बाई दिवसभर तेवढंच करायची, चार कोपऱ्यांत चार स्क्रू. माझा चौथा स्क्रू तिने जेवणाच्या घाईत तिरकाच पिळला. त्यामुळे खालच्या सुरात मी जरासा खरखरतो. दोष म्हणा, स्वभाव म्हणा, आता बदलणार नाही.

मला विकत घेतलं आप्पांनी. ते स्पीकर भाड्याने द्यायचे. शाळेचं बक्षीस वितरण असो, दुकानाचं उद्घाटन असो, कुणाची सभा असो, आप्पा हजर. त्यांना दोन मुलं. मोठा मुलगा, त्याला सगळे दादा म्हणायचे, आणि धाकटी बारकी. पुढे बारकी अंगाने चांगली भरली, चष्मा लागला, चाळिशीला टेकली, तरी नाव बारकीच राहिलं.

आप्पा मला तपासायचे तेव्हा माइक बारकीच्या हातात द्यायचे. "बोल काहीतरी," म्हणायचे. ती बोलायची नाही, गायची. सहा वर्षांची पोर, पण आवाज असा खणखणीत की रस्त्यावरचे दूधवाले सायकल थांबवून ऐकायचे. आप्पा कपाळावर हात मारून म्हणायचे, "ही माझा धंदा बुडवणार. हिला स्पीकर लागायचाच नाही." आणि मग स्वतःच सगळ्यांना तेच कौतुकाने सांगत सुटायचे.

आप्पा गेल्यावर मी दादाच्या हाताखाली आलो. त्याने मला चाकं बसवली आणि एका नव्याच जगात नेलं. गाण्यांचे व्हिडिओ बनवतात ना, तिथे.

तिथलं खरं सांगू? तिथे कुणीच गात नाही. गाणं आधीच कुठल्यातरी बंद खोलीत रेकॉर्ड झालेलं असतं. सेटवर ते मी वाजवतो आणि समोरचे लोक नुसते ओठ हलवतात. पडद्यावर जीव तोडून गाणाऱ्या एका नायकाला तर शब्द पाठच नव्हते. तो मनातल्या मनात पाढे म्हणत होता. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो, मला सतरा सक एकशे दोन स्पष्ट ऐकू आलं. लोकांना तो व्हिडिओ फार आवडला.

एवढा खटाटोप कशाला, असं मलाही वाटायचं. गाणं तर तयार आहे, द्या सोडून. तर एकदा दिग्दर्शक कुणाला तरी समजावत होता, "गाणं ऐकायला बसतंय कोण हल्ली? लोक बघतात. पहिल्या पाच सेकंदांत चेहरा आवडला नाही की बोट सरकलं पुढे. व्हिडिओ म्हणजे गाण्याची जाहिरात आहे बाबा." मी आयुष्यभर कानांची चाकरी केलेला. मला ते ऐकून वाईट वाटलं, पण त्याचं चुकत नव्हतं.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पडद्यावर केस हळूहळू उडतात, ओढणी तरंगते, पाऊल सावकाश पडतं, ते पाहिलंय ना तुम्ही? पण त्यातही ओठ गाण्याशी बरोबर जुळतात. ते कसं? अशा वेळी कॅमेरा दुप्पट वेगाने चालवतात आणि मलाही गाणं दुप्पट वेगाने वाजवायला लावतात. समोरचा माणूस तोंडात गरम घास घेतल्यासारखे भराभर ओठ हलवतो. नंतर चित्र निम्म्या वेगाने दाखवलं की केस हळू उडतात आणि ओठ गाण्यावर येऊन बसतात. कॅमेरा दुप्पट तर गाणं दुप्पट. हे चुकलं की ओठ एकीकडे आणि गाणं भलतीकडे.

दादाचं बोट यात कधी चुकलं नाही. कॅमेरावाल्याने नुसतं 'दुप्पट' म्हणायचा अवकाश, दादाने बटण फिरवलेलं असायचं. पंधरा वर्षं. मला त्याचा अभिमान होता.

बारकी तिकडे त्या बंद खोल्यांत गायची, पण तिचं गाणं कुणाच्या कानावर पडायचं नाही. नावाजलेल्या गायिकेला चाल समजावी म्हणून संगीतकार आधी एक कच्चं गाणं करून घेतात. ते बारकी गायची. मग ती गायिका येऊन तेच गाणं गायची आणि बारकीचा आवाज पुसून टाकायचे. अशी शेकडो गाणी तिने गायली आणि शेकडो पुसली गेली. घरी येऊन म्हणायची, "आजचं छान झालं होतं रे दादा." बस, तेवढंच.

मग एकदा एका संगीतकाराने हट्ट धरला. म्हणाला, पुसायचं नाही, हाच आवाज राहू द्या. कंपनी तयार झाली. आयुष्यात कधी काही न मागितलेल्या बारकीने तेव्हा एक गोष्ट मागितली. व्हिडिओत गाताना मी दिसेन. कंपनीने तसं लिहूनही दिलं.

घरात नुसता आनंद झाला. आईने निळा पोशाख शिवायला घेतला, खांद्यात नीट बसेना म्हणून दोनदा उसवला. बारकी आरशासमोर बसायची आणि मी गाणं वाजवायचो. ओठ असे जुळायचे की मलाच कळायचं नाही, आवाज माझ्यातून येतोय की तिच्यातून. दादा हसून म्हणायचा, "बस कर आता, ओठांना घट्टे पडतील."

शूटिंगच्या दिवशी सकाळी मी सेटवर उभा होतो. बारकी आत मेकअपला बसलेली. दिग्दर्शक दादाला घेऊन माझ्यापाशी आला आणि माझ्याच डोक्यावर कोपर टेकवून बोलायला लागला.

"तुमची बहीण गाते फर्मास, त्यात वाद नाही. पण चेहरा... तुम्ही इतकी वर्षं या धंद्यात आहात, तुम्हाला मी काय सांगू. आम्ही नाही म्हटलं तर करारात अडकतो. तिने आपण होऊन नको म्हटलं तर प्रश्नच मिटला."

दादा माझ्या जाळीवरची धूळ पुसत राहिला.

"आज कॅमेरा दुप्पट चालेल. तुम्ही मात्र गाणं साध्याच वेगात वाजवायचं. ओठ जुळणार नाहीत. ती स्वतःच्या डोळ्यांनी बघेल आणि स्वतःच मागे सरेल."

"तिला कळलं तर?" दादाने विचारलं.

"कसं कळेल? सेटवर आज पहिल्यांदा येतेय. आणि हो, पुढच्या महिन्यापासून तुम्ही आमचे कायमचे. हे स्पीकर ओढत दारोदार फिरणं बंद."

मला वाटलं, आता दादा उखडणार. आप्पांचा मुलगा आहे, मला उचलून चालता होणार. तो खाली बघत म्हणाला, "बरं."

एवढंच. बरं. मी पेटीतल्या पेटीत गार पडलो.

बारकी आली. निळा पोशाख, चष्मा काढलेला, त्यामुळे जरा चाचपडत. तिने सगळ्यांकडे बघून हसून मान लववली, माझ्याकडेसुद्धा. दादाने गाणं लावलं, साध्या वेगात. आणि ती अशी गायली म्हणून सांगू. नुसते ओठ हलवायचे असतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती खरंच गात होती, पूर्ण गळ्याने. मेकअपवाली पावडरचा डबा हातात धरून तशीच उभी राहिली.

मी माझ्या परीने ओरडून पाहिलं. खालचा सूर आला तेव्हा मुद्दाम जास्त खरखरलो, वाटलं, निदान गाणं थांबवतील, कुणीतरी येऊन बघेल. दादाने माझ्या पाठीत एक थापटी मारली आणि हळूच म्हणाला, "गप रे." त्याला कळलं होतं, मी का खरखरतोय ते. निदान मला तसं वाटतं.

चार दिवसांनी एडिटिंगच्या खोलीत बारकीला ते दाखवलं. दादा मला गाडीत एकटं ठेवत नसे, म्हणून मीही तिथे होतो. पडद्यावर तिचे केस हळूहळू उडत होते, निळी बाही तरंगत होती आणि ओठ गाण्याच्या कितीतरी मागे रेंगाळत होते. तिने तीनदा बघितलं.

"मी मागे राहतेय," ती म्हणाली. मग दादाकडे वळली. "दादा, तुला काय वाटतं?"

"कॅमेऱ्यासमोर सगळ्यांनाच जमत नाही, बारके," दादा म्हणाला.

तिने मान हलवली. दिग्दर्शकाने कागद पुढे केला. 'व्हिडिओत माझा चेहरा नसला तरी माझी हरकत नाही.' तिने सही केली आणि वर म्हणाली, "सॉरी हं, तुमचा सगळा दिवस वाया घालवला मी."

घरी आई काही दिवस बोललीच नाही. मग बोलायला लागली ती थांबेना. "दादा एवढा या धंद्यात मुरलेला. स्वतःचंच गाणं, त्यावर ओठ हलवायचे, तेही जमू नये?" रोज तेच. बारकी ऐकून घ्यायची. एका दुपारी तिने मला पुन्हा आरशासमोर ओढलं आणि गाणं लावलं. एकदा, दोनदा, सात वेळा. दादा दारात आला.

"जुळतायत की रे," ती म्हणाली.

"आरशाचं वेगळं असतं," तो म्हणाला आणि निघून गेला.

मग कंपनीने एक मॉडेल आणली. गाण्यात श्वास कुठे घ्यायचा हे तिला समजेना, म्हणून दिग्दर्शकाने बिनदिक्कत बारकीलाच बोलावलं. आणि बारकी गेलीसुद्धा. त्या मुलीचा हात हातात घेऊन तिने कुठे थांबायचं, कुठे मान वर करायची, सगळं सांगितलं. मुलगी साधी होती. 'ताई, ताई' करत होती.

कॅमेरावाला म्हणाला, "दुप्पट." दादाच्या बोटाला पंधरा वर्षांची सवय. त्याने विचार करायच्या आत बटण फिरवलं. माझ्यातून बारकीचाच आवाज चिरका, धावत सुटला.

बारकी दचकली. "हे असं का वाजतंय? बिघडलाय का?"

मुलगी हसली. "नाही हो ताई. केस हळू उडतात तो शॉट आहे ना, कॅमेरा जोरात चाललाय. मग गाणंही जोरातच लावावं लागतं. नाहीतर ओठ कसे जुळणार? तुमच्याही वेळी असंच वाजवलं असेल की."

"नाही," बारकी म्हणाली.

मुलगी काहीतरी बोलणार होती, ती थांबली. बारकी दादाकडे बघत राहिली. दादा वाकून माझी वायर तपासायला लागला. माझ्या वायरीला काहीही झालेलं नव्हतं.

घरी आल्यावर बाहेरच्या खोलीत मला भिंतीत जोडून तो उरलेली वायर कोपराला गुंडाळत होता. बारकी समोर येऊन बसली.

"तुला माहीत होतं?"

तो गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "लोक हसले असते तुला. काय काय लिहितात व्हिडिओखाली, तू वाचलं नाहीस कधी. मी वाचवलं तुला."

"मला वाचव म्हणून मी कधी आले होते तुझ्याकडे?"

ती रडली नाही. मला वाटत होतं, रडावं, भांडावं, काहीतरी फोडावं, वाटल्यास मलाच. पण ती शांतपणे म्हणाली, "हे बघ, तू ती नोकरी कर. गाणं त्या मुलीच्या तोंडी राहू दे. मी कुणाकडे तक्रार करत नाही. फक्त एक कर. आई आत आहे. तिला जाऊन एवढं सांग की बारकीचे ओठ चुकले नव्हते. मी सांगितलं तर तिला वाटेल, सबब सांगतेय. तू सांग."

दादा उठला. पडदा सारून आत गेला. बारकी आणि मी बाहेर कान देऊन बसलो.

"आई," तो म्हणाला.

"काय रे?"

भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"चहा टाकतेस?"

आणि मग, "मला कायम केलं कंपनीने."

आईला आनंद झाला. तिने तिथूनच हाक मारली, "ऐकलंस का गं बारके? दादाकडून शीक जरा."

"हो आई," बारकी म्हणाली. मग ती उठली आणि तिने माझी वायर भिंतीतून काढली.

तेव्हापासून मी या कोपऱ्यात आहे. दादाला कंपनीने नवे स्पीकर दिलेत, माझी गरज उरली नाही. माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात. व्हिडिओ मात्र जोरात चाललाय म्हणे. शेजारणी आल्या की आई फोनवर लावून दाखवते आणि सांगते, "गाते ती आमचीच आहे हो. पण दाखवली नाही. तिला ओठ जुळवता येईनात." बारकी तेव्हा समोर बसून कपड्यांच्या घड्या घालत असते.

दादावर मी पंधरा वर्षं जीव टाकला. त्याने माझ्याच तोंडून त्याच्या बहिणीला फसवलं, हे माझ्याने विसरवत नाही. पण मला माफी नको आणि नवी वायरही नको. माझं मागणं एवढंच आहे. मी त्या दिवशी तिथे होतो. कॅमेरा दुप्पट होता, गाणं साधं होतं आणि बारकीचे ओठ तंतोतंत बरोबर होते. तुमच्यापैकी कुणी या घरात चहाला आलंच, तर जाता जाता आईच्या कानावर एवढं घाला. दादा सांगणार नाही, हे मला त्याच दिवशी कळलं. बारकीही सांगणार नाही. ती अजून दादाची वाट बघतेय.