आतली कडी

दचकू नका, मी कडी बोलतेय. झोपायच्या खोलीच्या दाराला आतून बसवलेली पितळेची कडी. खरं सांगायचं तर दचकलेली मीच आहे, अगदी या क्षणीसुद्धा.

माझा जन्म भट्टीतला. पुढे दुकानाच्या खणात बिजागऱ्यांच्या गर्दीत पडून होते. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा अम्मींनी मला निवडलं. "नव्या जोडप्याला आडोसा हवा," म्हणाल्या. सुताराने दाराला बसवलं आणि मी मनातून फुलून गेले. दोन जिवांचा आडोसा व्हायचं, केवढं मानाचं काम!

अम्मींचा मुलगा फ्रिज दुरुस्त करायचा. चारचौघांत बोलणं अगदी मधाळ. सून दवाखान्यात मलमपट्टी करायची, हसरी, बडबडी. पण लवकरच असं झालं, की माझा खट् आवाज आला की ती बोलता बोलता गप्प व्हायची. "आज नको," म्हणायची. तो ऐकायचा नाही. बाहेर कुणाला काही कळायचं नाही, कारण मी लावलेली असायची.

मग तिचं पोट पडलं. डॉक्टरीणबाईंनी काही आठवडे जपायला सांगितलं. ती अजून धड उभीही राहत नव्हती, तोच तो भरदुपारी आला आणि त्याने मला लावलं. मी पितळेची, पण थिजले.

दुसऱ्या दिवशी चादर बदलताना तिने सासूला विचारलं, "अम्मी, निकाहात माझी कबुली विचारली होती. त्यानंतर कुणी कधी विचारायचंच नसतं का?"

अम्मींनी आधी दाराकडे पाहिलं. "हळू बोल गं! नवऱ्याला नाही म्हणणं गुनाह असतो. आम्हीपण सोसलंच की."

सून उठली, ती थेट बायकांना कुराण शिकवणाऱ्या उस्तानींकडे गेली आणि त्यांना घेऊनच परतली. उस्तानींनी त्याला समोर उभं केलं. "बायकोशी भलेपणाने वागायचा हुकूम आहे तुला. आजारी बाईवर जबरदस्ती कर, असं कुणी शिकवलं?"

तो हसला. "आमच्या खोलीतली गोष्ट आहे ही, खाला."

"खोलीतही अल्लाह बघतोच, बेटा."

त्या गेल्यावर त्याचं हसू मावळलं. "पुन्हा घरातलं बाहेर नेलंस तर बघ!" सुनेने पुन्हा नेलंच. खुला, म्हणजे बायकोने मागून घ्यायचा तलाक, मागितला, मिळवला आणि बापाच्या घरी निघून गेली.

आता खोलीला नवा रंग लागलाय. मला तेल घातलंय. त्याचं दुसरं लग्न ठरतंय. पहिली तापट डोक्याची होती, असं तो सगळ्यांना सांगतो. आज मुलीची आई घर बघायला आलीय.

"खोली हवेशीर आहे हो," ती म्हणाली. तो बाहेर पाहुण्यांना आग्रहाने चहा देत होता. अम्मी तिच्यामागोमाग आत आल्या, दार लोटलं आणि मला लावलं. मी नीट बसलेय ना, ते दोनदा ओढून पाहिलं.

"बसा, बहेन. पहिली का गेली, ते सांगते."

बाहेर कपबशीचा आवाज थांबला. पावलं दाराशी आली. "अम्मी? दार का लावलंस?"

अम्मींनी दाराकडे पाहिलं. त्याने दारावर थाप मारली, मग मूठ आपटली. मुलीची आई गोंधळून उभी राहिली. माझे स्क्रू लाकडात हलताहेत, मला धडकी भरलीय.

बोला, अम्मी. थांबू नका. मी धरून आहे तोवर बोलून टाका.