जुना काढा

"बाबा, मेनू दिसतोय ना? मग आता जुना काढा."

हे माझं वाक्य. यात कुठं काय चुकलं, तुम्हीच सांगा. मी चिकलठाण्याला ऑफिसात, बाबा सिडकोत घरी, माझ्या बहिणीच्या मशीनपुढं. थोड्या वेळानं त्यांचा फोन आला. आवाजात असा आनंद, की जसा काही गड जिंकला.

"काढला!"

"लागलं का बटण?"

"बटण नाही लागत अजून. पण जुना काढला. एकदम साफ."

"साफ म्हणजे काय, बाबा?"

"म्हणजे काढून टाकला. तू मागं शिकवलं होतं तसं. मेनू तर आपोआप निघून गेला, मग मी आत जाऊन काळी खिडकी उघडली, काढायचा हुकूम लिहून त्याचं नाव टाकलं. त्यानं विचारलं, नक्की का? म्हटलं, व्हय."

माळ्यावरची जुनी पातेली काढा म्हटलं की माणूस ती खाली आणतो, भंगारवाल्याला देत नाही. पण पायातला काटा काढा म्हटलं की उपटून फेकतो. शब्द एकच. आमचे बाबा, बद्रीनाथराव, शाळेत क्लार्क होते, रिटायर झाल्यावर हौसेनं कॉम्प्युटर शिकले. मी पातेलं म्हणत होते, त्यांनी काटा धरला आणि माझ्या बहिणीचा आवाज उपटून फेकून दिला.

आता हा 'जुना' म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई एवढी का खवळली. अपेक्षा, माझी धाकटी बहीण, जन्मापासून हातपाय तिच्या ताब्यात नाहीत, जीभही नाही. डोकं मात्र माझ्यापेक्षा तल्लख. तिच्या मनगटाखाली एक मोठं बटण असतं. स्क्रीनवर शब्द सरकत जातात, हवा तो आला की ती बटण दाबते आणि मशीन तो शब्द मोठ्यानं बोलतं. ते बटण बनवणारी कंपनी कधीच बुडाली. कर्नल म्हणजे मशीनच्या आतला मुकादम, कुठला पार्ट कसा चालवायचा ते त्याला माहीत. नव्या कर्नलला हे बटण ओळखूच येत नाही. म्हणून मी एक कर्नल स्वतः बनवला, त्यात त्या बटणाची ओळख घातली. हाच तो 'जुना'. आणि मशीन सुरू होताना कुठल्या कर्नलला आत घ्यायचं हे जो बूटलोडर ठरवतो, त्याला बजावून ठेवलं की काही झालं तरी माझाच घ्यायचा.

आज सकाळी मशीननं विचारलं, अपग्रेड करू का? बाबा म्हणाले, कर. मग त्यानं विचारलं, बूटलोडरची तुमची जुनी फाईल ठेवू की नवी घेऊ? बाबांनी नवी घेतली. का घेतली? "फुकट नवी मिळत असताना जुनी कोण घेतं, रूपा?" असं मलाच विचारलं. मी कपाळाला हात लावला. तरी तोवर माझा कर्नल मेनूत खाली का होईना जिवंत होता, तेवढा निवडला की बटण लागलं असतं. तो 'जुना काढा'नंतर गेला.

आणि हे नेमकं आजच! आज अपेक्षाचं ठरणार होतं. फुलंब्रीहून मोठे काका येणार होते. नाशिककडं एक संस्था आहे, अपेक्षासारख्या बायका तिथं राहतात, काम शिकतात, करतात. काकांच्या ओळखीनं तिथं एक जागा निघाली होती आणि आज दुपारच्या आत होय की नाही ते कळवायचं होतं, नाहीतर जागा दुसरीला. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, माझी बहीण कुठं जाणार नाही. तिला विचारा, तिच्या तोंडून ऐका आणि मग हा विषय बंद करा. त्यासाठीच सगळ्यांना आज बसवलं होतं. आणि तिचं तोंडच बाबांनी काढून टाकलं.

साहेबाला म्हटलं घरी अर्जंट आहे, आणि स्कूटी काढली. नशीब म्हणजे त्या कर्नलची एक प्रत माझ्या लॅपटॉपवर होती. मुकुंदवाडीच्या सिग्नलला एक रिक्षावाला आडवा आला, त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. तो म्हणाला, "अरे दीदी, सुबह सुबह क्या हुआ?" काय सांगू त्याला!

घरी पोचले तर बैठक भरलेली. मोठे काका, नाव काकासाहेब, कोचावर मधोमध, पायाशी अद्रकाची पिशवी. शेजारी मंजुळाकाकू. आई चहा गाळत होती. खिडकीशी खुर्चीत अपेक्षा, समोर मशीन, आणि मशीनपुढं बाबा, हाताची घडी घालून उभे.

"ये रूपे," काका म्हणाले. "आमी इचारून बसलो. पोरगी तयार हाय."

"कोण म्हणालं?"

"तिनंच. मी म्हटलं, जायचं ना बाई? तिनं मान हलवली."

"काका, तिची मान आपोआप हलते! तुम्ही पाणी हवं का विचारलं असतं तरी हलली असती."

"मला तर बाई नाही म्हणल्यासारखं वाटलं," मंजुळाकाकू म्हणाल्या. "अशी आडवी हलवली."

"आडवी नव्हं, उभी!"

आणि दोघं तिच्या मानेवरून भांडायला लागले, तिच्याच समोर. अपेक्षा माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत राग होता, तो मला ओळखता येतो. मी म्हटलं, "थांब गं. आत्ता करते. तुला काय म्हणायचंय ते मला माहीत आहे."

"रूपा," बाबा पुटपुटले, "तू 'वापरा' म्हणली असतीस तर मी वापरला असता."

"बाबा, आत्ता एक शब्द बोलू नका."

"नाही, मी फक्त मराठीचं सांगतोय."

"मराठी राहू द्या, सरका बाजूला!"

लॅपटॉपवरून कर्नल मशीनमध्ये आणला आणि बसवायला घेतला. मशीन म्हणे, जागा नाही. कर्नल जिथं राहतात ती जागा चिमूटभर, आणि नवा आलेला पाय पसरून बसलेला. इकडंतिकडं सामान हलवून त्याला जागा करून दिली. परत बसवायला घेतला. आता कुठं तो बसतोय, ओळी पुढं सरकतायत, तोवर आतून आईचा आवाज.

"पाणी आलं! नळाला पाणी आलं!"

आमच्याकडं नळाला पाणी येणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. घरात सण असो की सुतक, सगळं सोडून माणूस टाकीकडं पळतो. मी ओरडले, "आई, मोटर लावू नको, मोटर लावू नको!" पण आईनं मोटर लावली. खट्. घरातली लाईट गेली आणि मशीन मध्येच बंद.

"ती मोटर लावली की फ्यूज जातो, हे तुला माहीत नाही?"

"मग पाणी सोडून देऊ का?" आई माझ्यावरच उखडली. "परत कधी यायचं ते? तुझं मशीन उद्याही चालू होईल."

"उद्या? आई, उद्याला काय करायचंय ते चालू होऊन?"

आईनं मोटर बंद केली. बाबांनी फ्यूज बसवला. मशीन सुरू केलं. काळा पडदा, त्यावर इंग्रजीच्या ओळीच ओळी, आणि शेवटी सगळं थिजलेलं. अर्धाच लिहिलेला कर्नल, तो काय डोंबल चालणार!

काकांनी चष्मा वर करून वाचलं. "क-र्न-ल पॅनिक. म्हंजी काय गं?"

"म्हणजे तो घाबरलाय, काका."

"त्यो कशापायी घाबरलाय?"

"तुम्हाला सगळ्यांना बघून!"

मंजुळाकाकू पदराआड हसल्या. मला हसू येत नव्हतं, मला रडू येत होतं. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. संस्थेतल्या बाई. काका आदबीनं म्हणाले, "व्हय मॅडम, घरचे बसलेत, अर्ध्या तासात सांगतो." फोन ठेवून माझ्याकडं बघितलं. "रूपे, अर्धा तास. मग मी व्हय म्हणून मोकळा व्हणार. ही जागा पुन्हा मिळत नाय. तुमी समदे काय कायमचे पुरणार हाय का तिला?"

"तिला विचारल्याशिवाय होय म्हटलं तर बघा मग."

"मग नाय म्हणतानी तरी इचारलं का तू?"

मला विचारायची गरजच नव्हती. रात्री तिची कूस कोण बदलतं, मी. तिला भात कसा मऊ लागतो, मला माहीत. ती एक शब्द बोलली की पुढचं अख्खं वाक्य मला कळतं. अशा माणसाला नाशिकला कोण समजून घेणार? पंधरा दिवसांत सुकून जाईल ती. हे मी मोठ्यानंच बोलले, कीबोर्ड बडवता बडवता.

पुन्हा मेनूतून नवा कर्नल निवडून आत शिरले. अर्धवट झालेला माझा पुसला, परत पहिल्यापासून बसवला. या वेळी आईला मोटरच्या बटणापासून लांब बसवलं, बाबांना फ्यूजपाशी उभं केलं. बूटलोडरची फाईल उघडली, माझ्या कर्नलचं नाव त्यात परत लिहिलं, एकेक अक्षर बोटानं तपासून. आणि अपग्रेडला कुलूपच घातलं, बाबांनी हजारदा होय म्हटलं तरी ते आता होणार नव्हतं. मग मशीन बंद करून चालू केलं.

काळा पडदा आला, मेनू आला, गेला, ओळी पळाल्या. मग निळी स्क्रीन आणि त्यावर सरकणारे शब्द. मी अपेक्षाचं मनगट उचलून बटणावर ठेवलं. टक् झालं. चौकोन पिवळा झाला.

"लागलं!" बाबा ओरडले आणि टाळ्या वाजवायला लागले, जसं काही त्यांनीच केलं.

मी तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसले. घामानं निथळत होते. "बोल गं बाई. सांग एकदाचं यांना. संस्थेत जायचंय का तुला?"

शब्द सरकत होते. अपेक्षाचा हात दोनदा चुकला, तिनं मागं घेतला. टक्.

"मला," मशीन म्हणालं. तो आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे, पण आम्हाला तोच गोड लागतो. आईनं डोळ्याला पदर लावला.

परत थांबणं. टक्.

"जायचं."

"नाही!" मी उठून उभीच राहिले. "ऐकलंत ना, काका? मला जायचं नाही! मी सांगत नव्हते? चला, करा फोन, आणि सांगा त्या बाईंना..."

टक्.

"आहे," मशीन म्हणालं.

मी काकांकडं बोट दाखवून उभी होते, तशीच राहिले. मला वाटलं तिचा हात चुकला. मी खाली वाकून म्हटलं, "चुकून दाबलं का गं? थांब, मी पुसते." आणि हात पुढं केला.

तिनं बटण असं दाबलं की खुर्ची हलली. मग शब्द आले, एकेक, मध्ये लांब लांब थांबत. मला वाटत होतं प्रत्येक शब्दाच्या पुढचा शब्द मला माहीत आहे, आणि एकही माहीत नव्हता.

"तिथं. माझ्यासारख्या. आहेत." थोडं थांबली. "त्या. वाट. बघतील." परत थांबली. माझ्याकडं बघून दाबलं. "तू. बघत. नाहीस."

मला रागच आला आधी. हो, खोटं कशाला सांगू! एवढं करून, एवढं रक्त आटवून, मशीन उभं केलं ते हे ऐकायला? मी म्हणणार होते, कृतघ्न आहेस. तोंड उघडलं पण होतं. पण ती अजून बटणावर हात ठेवून होती, तिचं झालं नव्हतं, आणि मी परत मध्ये बोलणार होते. मग रडू आलं ते आलंच.

काकासुद्धा खाली बघत होते. इतका वेळ होयहोय करणारा माणूस, पण जिंकल्याचं तोंड केलं नाही त्यांनी. फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "मॅडम, पोरीचं ठरलं..."

टक्. "मी," मशीन म्हणालं. टक्. "सांगते."

काकांनी फोन माझ्या हातात दिला. मी तो मशीनच्या स्पीकरपाशी धरला. पलीकडून बाई म्हणत होत्या, "हॅलो? कोण बोलतंय? हॅलो?" शब्द सरकत होते, हवा तो अजून लांब होता. "हॅलो, ऐकू येतंय का? कोण आहे?" बाबांनी तोंड उघडलं, मी त्यांना डोळ्यांनी दटावलं. माझ्या जिभेवर तिचं नाव आलं होतं, सांगून टाकावं आणि सुटावं. मी ओठ दाताखाली धरले.

टक्.

"अपेक्षा," मशीन म्हणालं.

मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "बोल अपेक्षा, मी थांबते," आणि खरंच थांबल्या.