राजाचं भाषण

ऑरेलिया दुप्लेसी आमच्या बेटावरची पहिली बाई न्यायाधीश. मासे विकणाऱ्या आईची ही मुलगी. सरकारला आन्स मारोनचा किनारा हॉटेलवाल्यांना द्यायचा होता, तेव्हा तिने निकाल दिला, की कोळ्यांना त्यांच्या संमतीवाचून तिथून उठवता येणार नाही. त्या दिवशी मा सिरिला या तिथल्या म्हाताऱ्या कोळणीने कोर्टाच्या पायऱ्यांवर ऑरेलियाचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले होते.

वर्षभरात पंतप्रधान फेलिक्स स्वतः तिच्या घरी आले. समुद्रापलीकडे राहणाऱ्या आपल्या राजाची इथली प्रतिनिधी म्हणून तिचं नाव सुचवायचं आहे, म्हणाले. आई रडली. राजप्रतिनिधीच्या ज्या बंगल्याच्या मागच्या दाराशी आपण मासे दिले, तिथे लेक राहणार! ऑरेलियाने न्यायासन सोडलं. आपल्याला तिथून हलवण्यासाठीच हा मान आहे, ही शंका तिला आली होती. आईकडे बघून तिने ती गिळली.

पुढे संसदेचं अधिवेशन आलं. प्रथेप्रमाणे राजाच्या वतीने भाषण तिने वाचायचं, मजकूर सरकारचा. त्यात आन्स मारोन रिकामं करण्याचा कायदा होता. तिने फेलिक्सना बोलावून तेवढा परिच्छेद गाळायला सांगितला.

ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, कोर्टात तुम्ही बोलायचात, आम्ही ऐकायचो. आता आम्ही लिहितो, तुम्ही वाचता."

"आणि नाही वाचलं तर?"

"दुसरं कोणीतरी वाचेल. कायदा होणारच. तुमच्या आईला मात्र या वयात पुन्हा घर बदलावं लागेल."

तिने वाचलं. त्या पदाची पिसांची टोपी घालून, एकही शब्द न अडखळता. सगळ्या बेटाने रेडिओवर ऐकलं.

त्या रविवारी ती एकटीच आन्स मारोनला गेली. होड्या ओढणारी माणसं तिला पाहून पाठमोरी झाली. मा सिरिला दारातच बसली होती. ऑरेलिया सांगू लागली, की ते शब्द माझे नव्हते.

"ठाऊक आहे गं," म्हातारी म्हणाली. "फेलिक्स बोलला असता तर आम्ही दगड उचलले असते. तुझा आवाज ऐकला आणि पोरं म्हणाली, बाईच म्हणतात तर संपलंच."

ऑरेलियाने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. त्यामागचं कारण तिने स्पष्ट सांगितलं होतं. रेडिओने प्रकृतीचं कारण दिलं. तिने वर्तमानपत्राच्या संपादकाला फोन केला, तर त्याने काळजीने विश्रांती घ्यायला सांगितलं. आठवडाभरात बंगल्यात नवा माणूस आला. पावसाळ्याआधी आन्स मारोनची घरं पाडली आणि कोळ्यांना डोंगरावर, समुद्र दिसतही नाही अशा जागी, चाळी बांधून दिल्या.

आई तिच्याशी बोलेनाशी झाली. बंगला गेल्याचं दुःख तिला होतंच. पण बाजारात आता तिला कोणी मासे विकत देत नव्हतं.