नॅथनच्या मोरीतला कापराचा साबण

मित्रांनो, मी एक जुना साबण आहे. जुना म्हणजे माझं वय फार झालं आहे असं नाही. साबणाचं आयुष्य ते केवढं! पण झिजून झिजून मी आता पापडासारखा पातळ झालो आहे. माझ्या पाठीवरचा ठसा केव्हाच वाहून गेला आहे. मी पुरता विरघळायच्या आत माझी हकिगत तुम्हाला सांगून टाकावी म्हणतो.

माझा जन्म बेलापूरला, भिमाजींच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. खोबरेल आणि करंजाचं तेल कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घोटून भिमाजी साबण करत. मिश्रण घट्ट होऊ लागलं की त्यात कापूर, लवंगेचं तेल आणि वाळ्याचा अर्क घालत. या वेळी त्यांचा हात फार सैल सुटे. "मानूस गल्लीच्या तोंडाशी असला, तरी घरात कळलं पायजे," असं ते म्हणायचे. मग आमच्या वड्या कापून फळीवर वाळत ठेवत. अंघोळीला तोच साबण आणि दाढीलाही तोच, अशी जुन्या माणसांची रीत होती, आणि ती माणसं आम्हालाच मागत.

बाकी गिऱ्हाईक मात्र नाक मुरडायचं. किराणा दुकानदाराने आम्हाला पत्र्याच्या वेगळ्या डब्यात ठेवलं होतं, कारण आमच्या शेजारच्या चहाच्या पुड्यांना कापराचा वास लागायचा. मला त्या गोष्टीचा अभिमान वाटे. वासाशिवाय माझ्यापाशी दुसरं होतं तरी काय?

एके दिवशी दुकानात एस्तेर आली. ती नेवाशाच्या बाजूच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. आतेबहिणीकडे बेलापूरला आली होती.

"सगळ्यात उग्र वासाचा साबण द्या," ती म्हणाली.

"हा हाय, पन घरात कुनाला सोसनार न्हाई," दुकानदाराने बजावलं.

तिने मला नाकाशी धरलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग चेहऱ्यावर थोडी आशा आली. आपल्या वासाची खरी कदर करणारं माणूस भेटलं, असं मला वाटलं. मी किती चुकलो होतो ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच होती, त्यामुळे घरातलं सगळं बोलणं माझ्या कानी पडे. सकाळी एस्तेरचा नवरा नॅथन मोरीत येऊन बसला. त्याने ब्रश भिजवून माझ्या अंगावर घासला, गालाला फेस लावला. मग मला दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून, लांब श्वास घेतला. एस्तेर चहाचा कप हातात घेऊन उभी होती.

"येतोय का?" तिने विचारलं.

"न्हाई."

"जरा तरी?"

"गालाला झोंबतंय. थंड लागतंय. पन वास न्हाई."

मित्रांनो, माझ्या अंगात होता नव्हता तेवढा सगळा वास मी त्याच्यापुढे ठेवला होता. मोरी भरली, स्वयंपाकघर भरलं, बाहेर अंगणात कपडे वाळत घालणारी शेजारीण शिंकली. आणि ज्याच्यासाठी मला आणलं, त्याच्यापर्यंत काहीच पोचलं नाही.

हळूहळू मला सगळं समजलं. पावसाळ्यात नॅथनला मोठा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना त्याच्या नाकातली वासाची जाण घेऊन गेला. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "वास परत येऊ शकतो, पण कधी ते मी सांगू शकत नाही. रोज सकाळी एखादा उग्र वास मन लावून घेत जा."

एखाद्याला याचं फारसं वाटलं नसतं. पण नॅथन गावच्या दूध संकलन केंद्रावर कामाला होता. प्रत्येक किटलीचं झाकण उघडून दुधाचा वास घ्यायचा, आंबूस असेल तर ते बाजूला काढायचं, चांगलं असेल तर पुढे द्यायचं, हे त्याचं काम. फॅट मोजायला तिथे मशीन होतं, पण वास सांगणारं मशीन नव्हतं. तिथे नॅथनचं नाक होतं, आणि ते नाक मेलं आहे हे घरातल्या दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

थंडीत कसंबसं निभावलं. तो झाकण उघडून नुसता वाकायचा आणि किटली आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. "सकाळचंच हाय ना?" असं सहज विचारल्यासारखं विचारायचा. पण ऊन तापायला लागलं तशी त्याची झोप उडाली. एक खराब किटली पुढे गेली तर साठवणीच्या कूलरमधलं सगळ्या गावाचं दूध नासणार होतं.

"सूर्यभान भाऊंना सांगून टाका," एस्तेर म्हणायची. सूर्यभान केंद्राचे प्रमुख होते.

"सांगितलं की उद्यापासनं घरी बसवतील. थोडं थांब. येईल वास."

रोज सकाळी तो मला नाकाशी धरी, आणि रोज मला जमिनीत शिरावंसं वाटे.

एकदा सकाळी घरी पाणी आलं नाही. नॅथनने मला डबीत घातलं, दाढीचं सामान पिशवीत टाकलं आणि केंद्राच्या नळावरच तोंड धुवायचं ठरवलं. तिथे मला ठेवायला जागा नव्हती. गावातल्या मालनबाईंची किटली सगळ्यांच्या आधी आलेली होती आणि तिचं उघडलेलं झाकण कट्ट्यावर उताणं पडलं होतं. नॅथनने मला, ओल्या फेसासकट, त्या झाकणात ठेवलं.

मी घाबरलो. दूध किती हळवं असतं, शेजारच्या वस्तूचा वास ते कसं ओढून घेतं, हे मला चहाच्या पुड्यांवरून माहीत होतं. पण साबणाला तोंड कुठे असतं? दाढी झाली. नॅथनने मला उचललं, झाकणावर नुसता पाण्याचा हात फिरवला आणि ते किटलीवर गच्च बसवलं. कुणाही धड नाकाच्या माणसाला ते तिथल्या तिथे कळलं असतं.

थोड्या वेळाने कूलरपाशी त्या किटलीचं झाकण उघडून सूर्यभान थांबले. मी नॅथनच्या खिशातल्या डबीत होतो.

"मालनबाई, दुधाला कापराचा वास येतोय. गाईच्या सडाला तेलबिल लावलं का?"

"न्हाई भाऊ. गाय चांगली हाय. मी कशाला लावू?"

"मग वास कुठून आला? नॅथन, तू बघितलं होतंस ना?"

नॅथनचं काळीज खिशापाशीच धडधडत होतं. मला त्याचा प्रत्येक ठोका ऐकू येत होता.

"बघितलं होतं, भाऊ. मला... जरा सर्दी हाय."

सूर्यभानांनी दूध गटारात ओतायला लावलं आणि मालनबाईंना सांगितलं, "गाय डॉक्टरला दाखवल्याबिगर दूध आनू नका." रांगेतली माणसं आपसात कुजबुजली. मालनबाई एकट्या राहतात आणि त्या एका गाईवर त्यांचं घर चालतं. त्या रिकामी किटली नळाखाली पुन्हापुन्हा धूत राहिल्या, कुणीतरी बघेल आणि म्हणेल की ही बाई स्वच्छ आहे, म्हणून.

नॅथन दुपारी घरी आला आणि त्याने भाकरीचं ताट बाजूला सारलं. घडलेलं सगळं त्याने सांगितलं. एस्तेर पुढे झाली, त्याची कॉलर हुंगली, मग हात हुंगले.

"अहो, हाच वास तुमच्या अंगाला हाय. साबन कुठं ठेवला होता तुमी?"

नॅथन आठवू लागला. मग त्याचा चेहराच उतरला. तो मोरीच्या कठड्यावर बसला. एस्तेरही त्याच्याजवळ बसली. आता सूर्यभानांना सांगा, असं ती या वेळी म्हणाली नाही.

संध्याकाळच्या पाळीला तो मला खिशात घालून निघाला. वाट वाकडी करून मालनबाईंच्या दारात गेला आणि म्हणाला, "मावशी, केंद्रावर चला. मला सगळ्यांसमोर बोलायचंय."

सगळे जमले होते. नॅथनने डबी उघडून मला सूर्यभानांपुढे धरलं.

"भाऊ, सकाळचा वास ह्याचा. मीच हा मावशींच्या झाकनात ठेवला हुता. मला ते कळलं न्हाई, कारन मला वासच येत न्हाई. पावसाळ्यापासनं."

सूर्यभानांनी मला हुंगलं आणि एकदम मान मागे घेतली.

"पावसाळ्यापासनं? अरे, रोज मी तुझ्या नाकाच्या भरवशावर टँकर भरून पाठवतो. लहान लेकरं पितात ते दूध."

"व्हय भाऊ. म्हनूनच झोप लागत नव्हती."

"झोप लागत नव्हती तर बोलायचं हुतं."

मग नॅथन मालनबाईंकडे वळला. "मावशी, चुकलो मी."

"आत्ता बोललास ते सकाळी बोलला असतास, तर माझी शोभा झाली नसती," मालनबाई म्हणाल्या. "गाईला बोल लागला रे. तिनं काय केलं हुतं?"



सूर्यभान त्याच्याशी आठवडाभर धड बोलले नाहीत. पण त्यांनी त्याला घरी बसवलं नाही. झाकणं उघडायचं काम स्वतःकडे घेतलं आणि नॅथनला वजनकाट्यापाशी उभं केलं. मालनबाई दूध घालायला परत आल्या. त्यांची किटली काट्यावर असली की झाकण मात्र त्या स्वतःच्या हातात धरून ठेवत. नॅथन ते निमूट बघायचा. त्याला ते टोचायचं, आणि तरी रात्री झोप लागायची.

माझं काम चालूच राहिलं. मी झिजत होतो आणि माझी काळजी वाढत होती. मी संपेन आणि याला काहीच कळणार नाही, ही एकच धास्ती. एस्तेरला माझी फार जपणूक. माझ्यावर पाणी साचू नये म्हणून तिने मला नारळाच्या काथ्याच्या चुंबळीवर ठेवलं होतं.

परवा सकाळी नॅथनने मला उचललं तेव्हा मी त्याच्या बोटांतून निसटत होतो. त्याने नेहमीसारखा श्वास घेतला. मग थबकला. पुन्हा घेतला. नाक मुरडलं.

"एस्तेर, इकडं ये. कायतरी जळतंय का?"

ती धावत आली. शेगडी बंद होती.

"न्हाई. काय झालं?"

"ह्याला वास येतोय. घान. टायर जळाल्यासारखा."

एस्तेरने मला हुंगलं. कापूर, लवंग, वाळा, सगळं जागच्या जागी होतं. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की परतणारं नाक सुरुवातीला असं चुकीचं काहीतरी सांगतं. ती त्याच्या शेजारी ओल्या फरशीवरच बसली.

"लई घान हाय का?" तिने विचारलं.

"लई," तो म्हणाला आणि त्याने मला पुन्हा नाकाशी नेलं.

मित्रांनो, साबण वापरून झाला की त्याला पाण्यात लोळत ठेवू नका. कोरड्या जागी ठेवलात तर तो तुमच्या कामी जास्त दिवस येतो. आणि तुमचं स्वतःचं नाक, डोळा, कान यांतलं काही थकलं, तर ते झाकून ठेवू नका. आपण झाकलेलं दुसऱ्याच्या किटलीत उतरतं. मी हे शिकलो तेव्हा माझा पापड झाला होता. ज्या वासाचा मला आयुष्यभर अभिमान होता, त्याला नॅथन आता रोज सकाळी जळका टायर म्हणतो. तो तसं म्हणाला की एस्तेर हसते, आणि मी राहिलेला सगळा वास त्याच्यापुढे ठेवतो.