महाराजांची पन्नास पावलं

करंजखाडी नगर परिषदेच्या आवारात त्या बुधवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या पडद्यावर क्षणानंद महाराज चौकाच्या अलीकडे उभे होते. पापणी लवली, आणि महाराज पन्नास पावलांवरच्या मंदिराच्या पायरीवर! सरकारी कॅमेऱ्यानंच टिपलेलं, मग खोटं कसं असेल? उलव्यापासून जासईपर्यंत प्रत्येक मोबाइलवर ही चित्रफीत फिरली होती.

"शून्यमार्गे गमन!" महाराज माइकवर गरजले. "शून्याचा शोध कुणी लावला? आपणच! मग शून्यातून येणार-जाणार कोण? आपणच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कॅमेऱ्यांच्या नियंत्रण कक्षात काम करणाऱ्या राजश्रीची मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

नऊ दिवसांपूर्वी, सोमवारी, नव्या स्टोरेजच्या पेट्या आल्या होत्या. जुन्या मशीनमध्ये जेमतेम सात दिवसांचं चित्रण मावायचं. आठव्या दिवशी ते पुसून त्यावर नवं चढायचं. नव्यात तीन महिन्यांचं राहणार होतं. पण मुख्याधिकारी चंद्रशेखर साहेबांनी पेट्यांना हळदकुंकू लावलं आणि महाराजांना मुहूर्त विचारला.

"पुढचा बुधवार," महाराज म्हणाले. "आधी उघडाल तर शहरावर संकट."

मंगळवारी बायजा मासळीवालीचा नवरा गोवर्धन बाजारातून हरवला. त्याला विसरण्याचा आजार. स्वतःचं नावही आठवायचं नाही. दुसऱ्या दिवशी बायजा पेट्यांवरच्या हळदकुंकवाला हात जोडायला आली, तेव्हा राजश्रीनं तिला गाठलं.

"मावशी, पोलिसांत तक्रार द्या. त्यांचं पत्र आलं की लगेच फुटेज काढते. सात दिवसांनी पुसलं जातं."

"नाय गो पोरी. म्हाराज बोलले, म्हाताऱ्याला त्यांनीच शून्यान नेलाय, बरा करून आनतील. नऊ दिस कोनी चौकीन गेला, नाय त कॅमेरा बघला, त वाट बंद होईल."

पत्राशिवाय चित्रण काढलं असतं तर राजश्रीची कंत्राटी नोकरी गेली असती. ती गप्प बसली. याबद्दल तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि करूही नये.

आज नववा दिवस. गर्दी गोवर्धनला शून्यातून येताना बघायला जमली होती. राजश्रीनं मात्र मुहूर्ताची वाट न बघता सकाळीच नवं मशीन जोडलं होतं. तिनं सरळ माइक घेतला.

"महाराजांकडे नको, पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघा."

चित्रफीत पुन्हा लागली. महाराज पायरीवर पोचले त्याच क्षणी घड्याळानं चाळीस सेकंदांची उडी मारली.

"ती रिक्षा पण गायब झाली. तो कुत्रा पण इथून तिथं गेला. मग तोही सिद्धपुरुष का? अहो, जुनं मशीन तुडुंब भरलं की मधलं फुटेज गाळतं. महाराज रोज इथूनच आरतीला जातात. आमच्या दुसऱ्या पाळीचा शहाजी त्यांचा शिष्य. बरोबर जागी गाळलेला एक तुकडा हाती लागेपर्यंत तो रोज शोधत बसला. आता हे आज सकाळचं बघा, नव्या मशीनवरचं."

पडद्यावर महाराज धोतर खोचून, पाठ खाजवत, धापा टाकत पन्नासच्या पन्नास पावलं चालत होते. गर्दी खो खो हसली.

"यंत्र बाटलंय!" महाराज ओरडले आणि मागच्या फाटकातून सटकले. शून्यातून नव्हे, पायीच. तीन कॅमेऱ्यांत दिसले.

बायजा हसली नाही. ती पुढं आली. "पोरी, माजा म्हातारा कुटं गेला ता दाखव."

"मावशी, ते काल पुसलं गेलं."

मग तक्रार झाली, शोध सुरू झाला. शुक्रवारी बाजारामागच्या बंद मिठागरातल्या पंपघरात गोवर्धन सापडला. शेजारी नळ ठिबकत होता. मरून तीन दिवस झालेत, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे सात दिवस तो जिवंत होता, बायकोच्या टोपलीपासून हाकेच्या अंतरावर. वळणावरच्या कॅमेऱ्यानं त्याला तिकडे जाताना टिपलंही असेल. बघायला कुणी गेलं नाही, कारण सगळे महाराजांची वाट बघत होते.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी घड्याळ बघा. विचारा, तपासा, हसतील त्यांना हसू द्या. विचारायला पैसे पडत नाहीत; न विचारण्याचं मोल मात्र बायजाला विचारा.

ती आजही बाजारात बसते. मासळी कापता कापता गिऱ्हाइकाला सांगते, "मानूस हरवला त पयले चौकीन जा. देव थांबल, मशीन थांबत नाय."